छोट्या ट्रॅक्टरचं हायड्रोलिक तेल गळतंय? आधी धुवा, मग पाना हातात घ्या

मागच्या द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या टायमाला मी एकाच ट्रॅक्टरचं पीटीओचं, म्हणजे मागं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टचं, तेल अडवणारं सील दोनदा बदललं आणि दोन्ही वेळा काढलेलं सील चांगलंच होतं. झालं असं की सकाळी शेडमधून ट्रॅक्टर काढला की खाली ताटाएवढा डाग आणि पीटीओच्या गार्डच्या खालच्या कडेला थेंब लोंबकळलेला, मग काय, मिस्त्रीला फोन, त्यानं वाकून बघितलं, बोटानं पुसलं आणि म्हणाला पीटीओ सील गेलंय. बदललं. आठ दिवसांनी परत थेंब. परत तोच मिस्त्री, परत सील, यावेळी म्हणाला मागचं डुप्लिकेट निघालं असंल. बाग पोंग्यात, म्हणजे कोवळी फूट निघालेली, वर ढगाळ हवा, डावणी रोगाच्या भीतीनं रोज पहाटे फवारणीचा ब्लोअर जोडायचा आणि इकडं तेल काय थांबेना. शेवटी आमचे आबा, म्हणजे चुलते, शेडमध्ये आले, दोन मिनिटं उभं राहून बघितलं आणि म्हणाले, "आरं, तेल वरनं खाली येतंय, खालनं वर जात न्हाई. धुतलंयस का कधी ह्याला?"

धुतलं नव्हतं. धुतल्यावर अर्ध्या तासात सापडलं. सीटच्या खाली, ट्रॉली उचलायच्या व्हॉल्व्हला जाणारा जो लोखंडी पाईप असतो त्याच्या बँजो बोल्टचं, म्हणजे आतनं तेल जाणाऱ्या पोकळ बोल्टचं, तांब्याचं वायसर गेलेलं. तिथून तेल लिफ्टच्या झाकणावर पाझरत, मागच्या वाळलेल्या चिखलाच्या थरातनं वाट काढत पीटीओच्या गार्डवर येऊन ठिबकत होतं. वायसर मिळाली वीस रुपयाला दोन.

म्हणून हे लिहितोय. छोटा ट्रॅक्टर म्हणजे साधारण १८ ते २८ एचपीवाले, तासगाव, सावळज, मणेराजुरी साईडला द्राक्षाच्या ओळीतनं फिरतात ते. कंपनी कुठलीही असो, आतली रचना बरीचशी सारखीच असते, पंप तेल ओढतो, व्हॉल्व्हमधून लिफ्टच्या सिलिंडरला दाबानं देतो, सिलिंडर रॉकर शाफ्ट फिरवतो आणि शाफ्टवरचे दोन हात रोटर, म्हणजे माती भुसभुशीत करायचं अवजार, उचलतात. तेल मात्र बऱ्याच ट्रॅक्टरला एकच असतं, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, तेलातले ब्रेक आणि हायड्रोलिक सगळ्यांना मिळून. त्यामुळं "हायड्रोलिकचं तेल गळतंय" म्हणजे हायड्रोलिकच बिघडलंय असं नसतंय, मागच्या एक्सलचं सील गेलं तरी तेच तेल बाहेर येतं. तसं असेल तर रिमच्या आतल्या बाजूला ओली रेघ दिसते, ती आधी बघा म्हणजे उगाच लिफ्ट खोलत बसायला नको.

पहिलं काम, तेल कुठलं आहे ते ओळखायचं. रात्री ट्रॅक्टरखाली पुठ्ठा टाकून ठेवा, द्राक्षाच्या पेटीचा चालतो, पांढऱ्या बाजूनं वर. पुठ्ठ्यावर पुढची चाकं कुठं, मागची कुठं ते पेनानं मारून ठेवा. सकाळी मधासारखा पिवळसर डाग असेल तर ट्रान्समिशन-हायड्रोलिकचं तेल, काळा असेल तर इंजिन ऑईल, पातळ आणि वासाचा असेल तर डिझेल, हिरवट असेल तर कुलंट. पॉवर स्टिअरिंग असलेल्या काही मॉडेलला स्टिअरिंगच्या तेलाची टाकी वेगळी असते, तिचा डाग पुढच्या एक्सलपाशी पडतो.

मग डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची काडी. सपाट जागा, रोटर खाली टेकवलेला, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबलेलं, आणि मग काडी काढायची. रोटर वर असताना बघितलं तर सिलिंडरमध्ये गेलेलं तेल मोजलंच जात नाही, लेव्हल कमी दिसते, माणूस वरून ओततो आणि तेल जास्त झालं की ते ब्रीदरमधनं, म्हणजे हवा जायच्या बारीक वाटेतनं, नाहीतर सीलमधनं बाहेर यायला लागतं. म्हणजे गळती नव्हतीच, आपणच केली. काडीवरचं तेल दुधट दिसलं तर पाणी गेलंय, फेस दिसला तर पंप कुठूनतरी हवा ओढतोय.

किती गळतंय हेही मोजा, अंदाजावर जाऊ नका. साधारण २० थेंब म्हणजे १ मिली. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर मिनिटाला ३ मिली, तासाला १८० मिली, म्हणजे ६ तास रोटर मारला की लिटरच्या वर गेलं. आणि दहा मिनिटाला एक थेंब असेल तर हंगाम संपेपर्यंत नुसती लेव्हल बघत चालवलं तरी चालतंय, एवढ्यासाठी ऐन फवारणीत ट्रॅक्टर खोलून ठेवू नये असं माझं मत.

आता धुणं. ट्रॅक्टर थंड असताना डिझेल आणि जुना रंगाचा ब्रश घेऊन लिफ्टचं झाकण, व्हॉल्व्हच्या खालचा भाग, पाईपांचे जोड, रॉकर शाफ्टचे दोन्ही टोकं, पीटीओ आणि गिअरबॉक्सच्या जोडाच्या कडा घासून काढा. वर्षानुवर्षाचा माती-तेलाचा लेप छन्नीनं नाही तर लाकडी पट्टीनं खरवडा. मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग कॉम्प्रेसरची हवा. सर्व्हिसिंगवाल्याच्या प्रेशर पाईपनं धुवायचं असलं तर ब्रीदर, डिपस्टिकचं झाकण, सीलच्या कडा आणि वायरिंगवर थेट धार मारू नका, पाणी आत गेलं की वर सांगितलेलं दुधट तेल. पूर्ण कोरडं झालं की संशय असलेल्या जागी तोंडाला लावायची पावडर फुंकरून भुरभुरवा. आमच्या घरात यावरून एकदा भांडण झालेलं आहे, तेव्हा वेगळा डबा आणा. पावडरीवर तेल आलं की गडद रेघ दिसते आणि ती रेघ वरच्या टोकाला जिथं सुरू होते तिथं तुमची गळती.

पुढं जायच्या आधी एक गोष्ट, आणि ही मी मजेत सांगत नाही. पाईपात दाब असताना गळती हातानं चाचपायची नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात एक-दीड बार हवा असते, हायड्रोलिकच्या लाईनीत लोड आला की १५० बारच्या आसपास दाब असतो, मॉडेलप्रमाणे कमीजास्त. होजला, म्हणजे दाबाच्या रबरी पाईपला, सुईएवढं भोक पडलं तर त्यातनं निघणारी बारीक धार डोळ्याला दिसतही नाही आणि ती कातडी फोडून तेल आत घालते. वरून मुंगी चावल्याएवढी खूण, सुरवातीला दुखतही नाही, माणूस म्हणतो काय नाही झालं, आणि काही तासांत हात सुजून काळा पडायला लागतो, बोट किंवा हात काढायची वेळ येऊ शकते. असं झालं तर मलम लावत बसायचं नाही, लगेच ऑपरेशनची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात जायचं आणि दाबाचं तेल आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा लांब तुकडा फिरवा, त्याच्यावर ओली रेघ उमटते. डोळ्याला चष्मा. आणि उचललेल्या रोटरखाली हात, पाय, डोकं, काहीही घालायचं नाही, खाली लाकडी ठोकळे असल्याशिवाय. लिफ्ट तेलावर उभी असते, साखळीवर नाही.

चाचणीला दोन माणसं लागतात, एक सीटवर, एक बाजूला बॅटरी घेऊन. मागच्या चाकाला दोन्हीकडनं दगड, हँडब्रेक, पीटीओ बंद, गिअर न्यूट्रलला. रोटर जोडलेलाच ठेवा, रिकाम्या लिफ्टला दाबच येत नाही. इंजिन गरम होऊ द्या, लिफ्ट दहा-पंधरा वेळा खालीवर करा म्हणजे तेलही कोमट होतं, थंड घट्ट तेल जिथं थांबतं तिथं कोमट तेल पाझरतं. लिफ्ट सगळ्यात वर गेल्यावर रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह, किंचाळत असेल तर तसं धरून बसू नका, दोन-चार सेकंद बास.

गळती कधी होते यावरून निम्मं निदान होतंय. रोटर उचलतानाच तेल येत असेल तर दाबाची बाजू धरा, म्हणजे पंपापासून व्हॉल्व्हपर्यंतचा पाईप, होज, बँजो, सिलिंडरचे जोड. इंजिन चालू पण लिफ्टला हात लावलेला नाही तरी ठिबकत असेल तर परतीचा पाईप, पंपाचा जोड, पीटीओचं सील. दिवसभर कोरडं आणि रात्री उभं असताना डाग पडत असेल तर लेव्हलच्या खालचं एखादं पॅकिंग, ड्रेन बोल्ट, नाहीतर पंपाकडं तेल नेणारा ओढीचा पाईप. ह्या ओढीच्या पाईपची गंमत अशी की इंजिन चालू असताना तो बाहेर तेल सोडत नाही, उलट हवा आत ओढतो, लिफ्ट धक्के खात उठते, पंप घुमतो, तेलात फेस, आणि बंद केलं की मग तिथूनच थेंब. लोक अशा वेळी पंप बदलतात. आधी त्या पाईपचा क्लिप, रबर आणि ओ-रिंग, म्हणजे जोडातली गोल रबरी कडी, बघा.

आणि बाहेर एक थेंब नाही तरी लेव्हल उतरतीय, असंही होतंय. पंप इंजिनाला बसवलेला असेल आणि पंपाच्या शाफ्टचं सील गेलं तर तेल इंजिनात जातं, इंजिन ऑईलची काडी काढून बघा, लेव्हल वाढलेली दिसेल. हे दिसलं की ट्रॅक्टर चालवायचा नाही. क्लच हाऊसिंगच्या तळाला एक छोटं भोक असतं, तिथून तेल येत असेल तर काळं असल्यास इंजिनाचं मागचं सील, पिवळं असल्यास गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं. दोन्हीला ट्रॅक्टर मधनं फोडायला लागतो, ते काम घरी काढू नका.

सापडली गळती, आता खोलायची. रोटर जमिनीवर, इंजिन बंद, लिफ्टची लिव्हर दोन-तीनदा खालीवर करा म्हणजे लाईनीतला राहिलेला दाब जातो. खाली डबडं. जोड खोलताना पहिली अर्धी फेरी सावकाश.

बँजो बोल्ट असेल तर दोन्ही बाजूची तांब्याची वायसर नवी टाका, एक बदलून दुसरी ठेवू नका. अडचणच आली, रात्रीचे नऊ वाजलेत आणि पहाटे फवारणी आहे, तर जुनी वायसर गॅसवर लाल करून थंड केली की तांबं परत मऊ होतं आणि एवढी वेळ निभते, पण बसायच्या पृष्ठभागावर ओरखडा नको. काही जोडांना रबर चिकटवलेली लोखंडी वायसर असते, ती तापवायची नाही, तिला डाऊटी वायसर म्हणून दुकानात मागा. आवळताना दोन पाने, एकानं खालचा अडॅप्टर धरायचा नाहीतर तो फिरून आतली ओ-रिंग कापतो. आणि टेफ्लॉन टेप! ओ-रिंगच्या किंवा कोनाच्या, म्हणजे निमुळत्या तोंडाच्या, जोडाला टेप लावायचीच नाही, तिथं तेल आटे अडवत नाहीत, ओ-रिंग किंवा कोन अडवतो, टेपची तुसं मात्र सुटून व्हॉल्व्हच्या बारीक वाटेत अडकतात आणि मग लिफ्ट उठायची बंद.

लोखंडी पाईप सहसा कोनाच्या मुळाशी चिरतो. कारण आवळणं नसतं, कारण असतं तुटलेला क्लॅम्प. पाईप थरथरत राहतो आणि शेवटी तडा जातो. वेल्डिंग करून आणला तर महिनाभरात शेजारी तुटतो हे आम्ही करून बघितलंय, नवा पाईप घ्या आणि क्लॅम्पखाली रबराची पट्टी घाला.

होजचं म्हणाल तर आपल्या बागेत त्याला दुसराच त्रास, खोडाला आणि मांडवाच्या अँगलला घासून वरचं रबर जातं, आतली जाळी गंजते. क्रिम्पच्या, म्हणजे होजच्या टोकाला दाबून बसवलेल्या लोखंडी टोपीच्या, तोंडाशी ओलं दिसलं, फुगा आला, किंवा जाळी दिसायला लागली की बदला. एम-सील, सायकलची ट्यूब, तार, यातलं काहीही त्या दाबाला टिकत नाही. जुना होज दोन्ही टोकांसकट काढून दुकानात न्या, सांगली, मिरज, कुपवाड एमआयडीसी भागात होज क्रिम्प करून मिळतो. होजवर छापलेलं वाचा, आर-१ म्हणजे एका तारजाळीचा, आर-२ म्हणजे दोन जाळ्यांचा, जो होता तोच किंवा त्याच्या वरचा घ्या, खालचा नको. आटे बीएसपी (इंची) का मेट्रिक (मिलिमीटरचे) ते नजरेनं सांगू नका, जुनं टोक समोर ठेवून जुळवून घ्या, दोन आटे अर्धवट बसतात आणि माणूस फसतो. बसवताना होजला पीळ पडला नाही ना ते त्याच्यावरच्या छापील रेषेवरून कळतं, रेषा सरळ पाहिजे.

रॉकर शाफ्टच्या टोकाला, म्हणजे लिफ्टचा हात जिथं बसतो तिथं ओलं असेल तर आतली ओ-रिंग कडक झालेली असते. हात काढायच्या आधी शाफ्टवर आणि हातावर समोरासमोर पंचनं टिंब मारा, कंपनीची खूण असली तरी आपली मारा. एक दात इकडंतिकडं बसला की एक हात वर एक खाली आणि रोटर कायमचा तिरका. लॉक आणि बोल्ट काढून हात ओढून घ्या, जुनी रिंग बोथट आकड्यानं काढा, स्क्रूड्रायव्हरनं खाच ओरबाडू नका. शाफ्टवर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर गोल दिशेनं फिरवा आणि डिझेलनं पुसून काढा. नवी रिंग साधारण मापाची नको, व्हर्नियरनं आतला व्यास आणि जाडी बघून नायट्राईलची घ्या. शाफ्टला दात असतात, त्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून, तेच हायड्रोलिकचं तेल लावून रिंग सरकवा, कोरडी सरकवली की दातावर कापते आणि तुम्ही सगळं परत बसवल्यावर कळतं. दोन्ही बाजूच्या एकाच वेळी बदला. ओ-रिंगसोबत पांढरी टेफ्लॉनची रिंग निघाली तर तिची जागा लक्षात ठेवा, ती दाबाच्या उलट बाजूला बसते, तिचं काम रबराला फटीत घुसू न देणं.

पीटीओचं सील खरंच गेलं असेल, तर एक सोय आहे. ट्रॅक्टर उताराला पुढचं तोंड खाली करून उभा केला, चाकांना दगड लावले, की तेल पुढं सरकतं आणि बऱ्याचदा सगळं तेल काढायला लागत नाही. सीलवर माप कोरलेलं असतं, समजा ३५-५२-७, म्हणजे शाफ्ट ३५ मिमी, बाहेरचा व्यास ५२, जाडी ७. नवं बसवायच्या आधी दोन गोष्टी बघा. शाफ्ट हातानं वरखाली हलवा, खडखड असेल तर बेरिंग गेलंय, सील टिकणार नाही. आणि शाफ्टवर जिथं सीलची ओठ घासते तिथं नख फिरवा, नख अडकलं म्हणजे खाच पडलीय, तिथं किती सील बदलली तरी गळणारच, मग वर पातळ स्टीलची बाही चढवतात किंवा जागा असेल तर सील एक-दोन मिमी पुढंमागं बसवतात. स्प्रिंगची बाजू तेलाकडं. सीलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित बारीक पाईपाचा तुकडा किंवा गोटी पान्याची मोठी गोटी वर ठेवून हळूहळू सगळीकडनं सारखं ठोका, तिरकं गेलं की झालं वाया.

ब्रीदर शेवटी लिहितोय पण बघायचा पहिल्यांदा. गिअरबॉक्सच्या वर किंवा तेल ओतायच्या झाकणातच हवा जायची बारीक वाट असते. गंधक मारून मारून, वर धूळ बसून ती आपल्याकडं हमखास बुजते. तेल तापलं की आतली हवा फुगते, वाट नाही म्हणून सगळ्यात कमजोर सीलमधनं तेल ढकलते. काम करून आल्यावर, इंजिन बंद करून, तेल ओतायचं झाकण हळू सैल करा, फुस्स आवाज आला की समजायचं ब्रीदर बंद आहे. काढा, डिझेलमध्ये भिजवा, हवा मारा, बसवा. मला तर अजून वाटतंय की पट्ट्यातली निम्मी सीलं यामुळंच जातात, पण ते माझं वाटणं झालं.

बाहेर गळत नाही पण उचललेला रोटर खाली येतोय, त्याला आतली गळती म्हणतात. इंजिन चालू ठेवून वर धरलेला रोटर दर काही सेकंदाला थोडा उतरून परत उठत असेल, मान हलवल्यासारखा, तर सिलिंडरच्या पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह. झाकण उघडायला लागतं, त्याला क्रेन आणि सवयीचा माणूस पाहिजे. वॉरंटीत असेल तर पाना लावूच नका.

सगळं बसलं की तेल, पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच, इंजिन ऑईल उरलंय म्हणून ते ओतलं की तेलातले ब्रेक कुरकुरतात. जाळी आणि फिल्टर उघडं आहे तर साफ करून घ्या. इंजिन मंद ठेवून लिफ्ट दहा वेळा पूर्ण खालीवर करा, हवा निघते, मग रोटर टेकवून परत काडी बघा. काढलेलं तेल कॅनमध्ये भरून जुनं तेल घेणाऱ्याला द्या, बांधावर आणि विहिरीकडच्या ओढ्यात ओतू नका. जोड पुन्हा कोरडे पुसा, पावडर मारा, दोन तास काम करा आणि बघा. रात्री खाली नवा पुठ्ठा, आणि कोपऱ्यात तास मीटरचा आकडा लिहून ठेवा.

आमच्या पुठ्ठ्यावर आता मागच्या बाजूला काही नाही. पुढं एक काळा ठिपका पडलाय, तो सम्पच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, पॅकिंगचा दिसतोय, एप्रिल छाटणी झाली की बघू.